ब्रेकचा टॉवेल

१२ जानेवारी

भाऊ म्हणाला, "ताई, घरात भिंती मोजत बसण्यापेक्षा लाँड्रीत येऊन बस. ऑफिस सांभाळ." हे गेल्यापासून मी खरोखर भिंतीच मोजत होते, आणि त्या भिंतीही भावाच्याच. त्यामुळे आढेवेढे न घेता आज आले.

ऑफिस म्हणजे मशीनच्या हॉलच्या वर बांधलेली काचेची खोली. खाली वाफ, सोड्याचा वास, बॉयलरची घरघर. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी एका दारातून मळक्या येतात आणि दुसऱ्या दारातून कोऱ्या असल्यासारख्या जातात. मला हे फार आवडलं.

ऑफिस मात्र बघवत नव्हतं. माझ्या आधी इथे वीस वर्षं एक कारकूनबुवा होते. मागच्या महिन्यात भावाने त्यांना वय झालं म्हणून घरी बसवलं. त्यांचा खण उघडला तर खोकल्याच्या गोळ्या, तुटका कंगवा आणि तीन चष्मे, एकाचीही काडी धड नाही. संध्याकाळपर्यंत खण धुऊन पुसून लख्ख केला. माणसाचं डोकं त्याच्या खणासारखं असतं, असं माझं जुनं मत आहे.

चाळीसेक माणसांची हजेरी, पगार आणि विमा, एवढं माझ्याकडे. भाऊ म्हणाला, "चुका शोध. म्हाताऱ्याने बरेच घोळ घातले असणार." चुका शोधणं तर माझ्या हातचा मळ. यांच्या शर्टाचं सैल झालेलं बटण मला अंधारात कळायचं.

१९ जानेवारी

रोलरबाई आज वर आली. सगळे तिला रोलरबाईच म्हणतात, मीही म्हणते. तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर सोडायचं तिचं काम. हाताला एक झटका देते आणि चादर सुरकुती न पडता आत सरकते. अंगाने नुसती काडी, पण उभी राहते ती ताठ. जिना चढून आली तेव्हा मात्र बराच वेळ दाराला धरून उभी होती. बोलायला दम पुरत नव्हता.

"ताई, माझं विम्याचं नीट चाललंय ना?"

"न चालायला काय झालं?"

मग सगळं पुराण सांगितलं. लहानपणच्या कुठल्याशा तापात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली. ऑपरेशन लागणार हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. पण जुन्या आजाराला विमा लगेच पैसे देत नाही, चार वर्षं सलग नाव असावं लागतं. तिची चार वर्षं आता डिसेंबरात भरली. मध्ये एका मोठ्या हॉटेलाने जास्त पगारावर बोलावलं होतं, तरी ही गेली नाही.

"तिकडे गेले असते तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं असतं. म्हणून म्हटलं, राहू दे."

"मग आता करून घे की."

"मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. मी पडले की चूल तिच्या गळ्यात. मे महिन्यात तिची परीक्षा झाली की लगेच." मग जरा हसली. "चार वर्षं काढली, चार महिने काय, ताई."

मी म्हटलं, "अगं, मी बसलेय ना इथे! निर्धास्त राहा." माझा हात हातात घेऊन दाबला आणि गेली. तिचे तळवे भाजून भाजून लाकडासारखे झालेत.

विम्याचं म्हणाल तर मीही त्याच वाटेवर आहे. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात साधी आहे, घाई नाही, पण कधीतरी काढून टाका. भाऊ म्हणाला, "तुझं नाव कामगारांतच घालून टाकू. असल्या साध्या गाठीला चार नाही, एकच वर्ष लागतं. तेवढं काढलंस की ऑपरेशन विम्यात बसेल, कुणाच्या खिशाला चाट नाही." भावाचं डोकं चालतं.

२७ जानेवारी

सापडली! बुवांची चूक सापडली, आणि साधीसुधी नाही.

आमच्याकडे दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना ब्रेक देतात. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांची नोकरी संपते आणि एक फेब्रुवारीला सगळे नव्याने लागतात. असं केलं नाही तर माणसं कायम होतात, आणि कायम झालेला माणूस डोक्यावर बसतो, असं भाऊ म्हणतो. एक दिवस घरी बसायचं, दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर यायचं. कुणाचं काही बिघडत नाही.

तर हजेरीत दरवर्षी ब्रेक दिलेला आहे. पण विमा कंपनीला बुवांनी तो एकदाही कळवलेला नाही! तिकडे सगळ्यांची नावं आपली सलग चाललीत. एकच माणूस, हजेरीत त्याची एक तारीख आणि विम्यात दुसरी. इतकी वर्षं हे चाललंय आणि कुणाच्या डोळ्यांना टोचलं नाही.

भावाला दाखवलं. आधी त्याला कळेचना. कळल्यावर खुर्चीत मागे रेलला.

"ताई, तू आधी कुठे होतीस? उद्या यातला एखादा कोर्टात गेला असता आणि विम्याच्या तारखा दाखवल्या असत्या, तर सगळी वरात कायम झाली असती."

"मग काय करू?"

"दोन्हीकडे जुळवून टाक."

मला इतक्या वर्षांत कुणी 'तू आधी कुठे होतीस' असं विचारलं नव्हतं. घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते. एक बाई वळून बघायला लागली.

३१ जानेवारी

ब्रेक झाला. एक गोष्ट माझ्या डोक्यातली. माणसं एक दिवस का होईना, नोकरीवरून जातायत, तर रिकाम्या हाताने कशी पाठवायची? गोदामात हॉटेलवाल्यांनी नाकारलेले पांढरे टॉवेल पडून होते. नवेकोरे, कडेची शिवण जरा वाकडी, एवढंच. सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एकेक टॉवेल ठेवला आणि घरी पाठवलं. कोणी खूश, कोणी गप्प. रोलरबाईने घडी उलगडून वाकडी शिवण बघितली, बोट फिरवलं आणि पुन्हा तशीच घडी घातली. फुकटच्या गाईचे दात मोजायची खोड काही जाते का!

जाता जाता म्हणाली, "ताई, विम्यालापण ब्रेक असतो का हो?"

"एक दिवसाने काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं.

विमावाल्याला फोन करून सगळी नावं आज काढायला आणि उद्या घालायला सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्यांची? नक्की ना, मॅडम?" मी म्हटलं, सांगितलंय तेवढं करा. हल्लीच्या लोकांना एकदा सांगून पुरत नाही.

१ फेब्रुवारी

सगळे परत कामावर. सगळी नावं परत विम्यात. शेवटी माझं. हजेरी आणि विमा, दोन्हीकडे एकच तारीख, वरपासून खालपर्यंत. नुसतं बघत बसावंसं वाटलं.

२२ एप्रिल

रोलरबाई आणि तिची मुलगी सकाळीच येऊन उभ्या. दवाखान्याने ऑपरेशनसाठी विम्याकडे मंजुरी मागितली होती. नाकारली. म्हणे, यांचा विमा एक फेब्रुवारीला सुरू झालाय, जुन्या आजाराला चार वर्षं व्हायची आहेत.

मुलगी पहिल्यांदाच पाहिली. आईसारखीच सडपातळ, बोलणं मोजकं. मी बोलत होते तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या कॉम्प्युटरकडे बघत होती.

विमावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "नाव काढलं की सलगपणा गेला, मॅडम. आता पुन्हा शून्यापासून."

"हे तेव्हा सांगता नाही आलं?"

"मी विचारलं होतं. नक्की ना, म्हणून."

आता काय करायचं, विचारलं. उपाय आहे म्हणाला. मालकांनी आपल्या सहीने लिहून द्यायचं की ही बाई सलग कामावर आहे, ब्रेक वगैरे काही झाला नव्हता, नाव चुकून काढलं गेलं. कंपनी मान्य करते.

दोघींना सांगितलं, "काळजी करू नका, सहीचाच प्रश्न आहे." रोलरबाईचा चेहरा उजळला. मुलीने विचारलं, "कधीपर्यंत?" तिच्या विचारण्यात एक उद्धटपणा आहे.

२४ एप्रिल

मला राहवेना. बुवांच्या घरी गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, आत अंथरूण, रेडिओ आणि म्हातारा. मी म्हटलं, "तुमच्या एका चुकीमुळे बघा कसा गोंधळ झालाय."

बुवा खोकत खोकत हसले. "ती चूक नव्हती, ताई."

"म्हणजे?"

"मी दरवर्षी कळवायला विसरायचो. दरवर्षी, न चुकता. त्या रोलरवालीचं मला माहीत होतं. बॉयलरवाल्याच्या बायकोचं माहीत होतं. मालक हजेरी बघायचे, विम्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. बघणारं माणूस त्यांना आता मिळालं."

मला संताप आला. ज्याचं मीठ खायचं त्यालाच वीस वर्षं फसवायचं, आणि वर मलाच ऐकवायचं! तसं स्पष्ट बोलले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि रेडिओ लावला. चहासुद्धा विचारला नाही.

रस्त्याने येताना रडू आलं. कशाचं ते कळलं नाही. रागाचंच असेल.

२६ एप्रिल

सहीचा कागद तयार करून भावासमोर ठेवला. त्याने दोनदा वाचला.

"ताई, एकीला ब्रेक नव्हता म्हटलं की चाळीस जणांना नव्हता. माझ्या हाताने मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"पण तिचं ऑपरेशन..."

"मी काय राक्षस आहे? बघू. घाई नको. हे हॉटेलवाल्यांचं नवीन काम हातात येऊ दे, मग सही करतो."

बघू. लहानपणी त्याचं 'बघू' म्हणजे नाहीच असायचं. पतंग दे म्हटलं की बघू, आईला औषध आणून दे म्हटलं की बघू. पण आता तो मोठा झालाय, एवढा धंदा सांभाळतो. आणि यावेळी बोलताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

१० मे

रोलरबाईला रोलरवरून काढून घड्या घालायला बसवलं. वाफेत तिला दोनदा भोवळ आली होती. माझीच कल्पना. हॉलच्या टोकाला टेबलाशी स्टुलावर बसायचं आणि उशांचे अभ्रे घडी करायचे. बसून करायचं काम म्हणून पगार थोडा कमी, ते ओघाने आलंच. नव्या बाईला रोलर जमत नाही, चादरीला सुरकुत्या पडतात. ही स्टुलावरून बघते आणि तिचा हात आपोआप झटका देतो.

रोज जिना चढून विचारायला यायची. "ताई, सही झाली?" गेल्या आठवड्यात एकदा वरच्या पायरीवरच बसली, ओठ निळे. मी रागावले. म्हटलं, "तू जिना चढायचा नाहीस. झाली की मी खाली येऊन सांगेन."

तेव्हापासून येत नाही. फक्त मी काचेशी उभी राहिले की मान वर करून बघते. मी आता खुर्ची फिरवून घेतली आहे, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

२ जून

मुलीने परस्पर विमा कंपनीत तक्रार केली. माझी आई इतकी वर्षं सलग कामावर आहे, ब्रेक खोटा आहे, असं लिहिलंय. कंपनीने आम्हाला विचारलं, खरं काय ते कळवा.

भाऊ तरातरा वर आला. इतका चिडलेला मी त्याला आईच्या बाराव्या दिवशीही पाहिला नव्हता. "बघ, उपकार करायला गेलो आणि काय मिळालं! आता लिही. ब्रेक खरा आहे. सगळ्यांना दिला जातो."

मी लिहिलं. शेवटी वाक्य जरा अधांतरी वाटत होतं म्हणून माझ्या मनाने घातलं, 'आमच्याकडे या नियमाला अपवाद नाही.' भावाला ते फार आवडलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. "सही तू कर. ऑफिस तुझं आहे."

मी विचारलं, "आणि तिचं काय?"

"आपण वर्गणी काढू. मीही देतो."

सही केली. माझी सही चांगली येते, पण आज शेवटचं अक्षर घसरलं. जेवण गेलं नाही. मी चुकतेय का? पण मी खोटं काय लिहिलं? ब्रेक तर दिलाच होता. मी स्वतः टॉवेल वाटले होते.

९ जून

वर्गणीचा डबा हॉलमध्ये ठेवला. पहिली वर्गणी माझी. बॉयलरवाला जोरात, मला ऐकू जाईल असा म्हणाला, "आमच्याच घामाने आमचीच आंघोळ." लोकांना चांगुलपणा सोसत नाही.

जमलं ते औषधांना पुरेल इतकंच. ऑपरेशनच्या जवळपासही नाही.

१९ जून

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

दुपारी नव्या हॉटेलवाल्यांची माणसं लाँड्री बघायला येणार होती. भावाने सगळं चकचकीत ठेवायला सांगितलं होतं. मी काचेतून सगळा हॉल नजरेखालून घातला. रोलरबाई टेबलावर अभ्र्यांच्या ढिगात डोकं टेकून बसलेली. मला वाटलं, डुलकी लागली. गेटावर गाडी थांबलेली दिसत होती. मी काच वाजवली. हलली नाही. पुन्हा वाजवली, अंगठीने, जोरात. सगळ्या बायकांनी वर पाहिलं, हिने नाही. मी वरूनच ओरडले, "उठवा तिला! पाहुणे आले!"

शेजारच्या बाईने खांद्याला हात लावला आणि मग किंचाळली.

पाहुण्यांना भावाने बाहेरच्या बाहेर ऑफिसच्या मागच्या जिन्याने नेलं. ते अभ्रे परत धुवायला टाकावे लागले.

२१ जून

तिच्या घरी जाऊन आले. एकच खोली, पण काय स्वच्छ! फळीवर आपला टॉवेल, न वापरलेला, वाकडी शिवण आतल्या बाजूला घेऊन घडी केलेला. मला भरून आलं. मी मुलीला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी राहिली.

"तुम्ही काच वाजवलीत म्हणे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बाळा, मला काय माहीत..."

"दोनदा?"

तिने मला प्यायला पाणी दिलं. पाणी देताना पेला पुसून घेतला होता.

१५ जुलै

भावाची युक्ती. मुलीला ऑफिसात घ्यायचं, माझ्या हाताखाली. "तिचं घर चालेल आणि तोंडही बंद राहील," म्हणाला. मला वाटलं, ती थुंकणार या नोकरीवर. पण ती लगेच हो म्हणाली. गरज माणसाला शहाणं करते.

४ नोव्हेंबर

पोर सोन्यासारखी आहे. मी तोंडातून शब्द काढायच्या आत काम तयार. मला मूल असतं तर असंच असावं असं वाटतं. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "चहा आणू, ताई?"

सगळं शिकवलं तिला. आज विचारत होती, "ताई, हजेरीत एक तारीख आणि विम्यात दुसरी, असं दिसलं तर?"

"ती चूक. चूक दिसली की ठेवायची नाही."

"कुणाचीही असली तरी?"

"कुणाचीही."

विमावाला परवा म्हणत होता, यंदा ब्रेक देताना विम्यातली नावं काढू नका, लोकांचं नुकसान होतं. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "आता मागे फिरता येत नाही. तू लिहून दिलंस ना, अपवाद नाही म्हणून? मग काढावीच लागतील." बरोबरच आहे. एकदा लिहिलं ते लिहिलं.

८ जानेवारी

पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे गेले. गाठ वाढली आहे. आता ते 'साधी' म्हणत नाहीत. काढून तपासायला पाठवू, म्हणतात, फार लांबवू नका. पण देवाची कृपा, वर्ष आता भरतच आलंय. पोर म्हणाली, "मी दवाखान्यात फोन करून तारीख घेते, ताई." नऊ फेब्रुवारी मिळाली. तिनेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

३१ जानेवारी

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी टॉवेल वाटायचं काम यंदा पोरीनेच केलं. मी वर बसून होते. हॉल रिकामा झाला, मशीनं बंद झाली, आणि ती जिना चढून आली. तिने एक टॉवेल माझ्या टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा उरला?" मी विचारलं.

"उरला नाही. तुमचा आहे, ताई."

आधी मी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"तुमचंही नाव आहे ना कामगारांत," ती म्हणाली. "एक फेब्रुवारीपासून. सगळ्यांना ब्रेक दिला. विम्यातूनही नावं काढली. माझंही काढलं."

"माझं काढलंस? अगं, नऊ तारखेला माझं ऑपरेशन आहे! वर्ष उद्या पुरं होतंय!"

"हो. मीच तारीख घेतली ना."

"परत घाल. आत्ता फोन कर त्याला. सांग, चुकून झालं."

"चुकून नाही झालं, ताई. हजेरीत ब्रेक आणि विम्यात नाही, ती चूक झाली असती. तुम्हीच शिकवलंत." ती आवाज चढवत नव्हती. मला वाटतं, चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि अपवाद नाही असं कंपनीला लिहून दिलंय. तुमच्या सहीने. मी तुमच्यासाठी खोटं कसं कळवू?"

"मी तुझ्या आईच्या वयाची आहे गं."

"आई तुमच्याहून लहान होती."

मग तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या परत घालते की नाव. एक दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

मी तिच्यासमोरच भावाला फोन लावला. म्हटलं, "तू एक सही कर. मी सलग कामावर होते, ब्रेक झाला नव्हता, एवढं लिही. मी तुझी सख्खी बहीण आहे."

त्याच्या मागे कुणीतरी हसत होतं, पेल्यांचा आवाज येत होता.

"बघू, ताई," तो म्हणाला. "घाई नको."

इतका वेळ मला नुसती भीती वाटत होती. ते 'बघू' ऐकलं आणि सगळं कळलं. रोलरबाई रोज जिना चढून काय ऐकून जात होती, ते मला आज कळलं, आणि मी तेव्हा खुर्ची फिरवून घेतली होती.

टॉवेल घेऊन खाली आले. हॉलच्या टोकाला, घड्यांच्या टेबलाशी, तिच्या स्टुलावर बसले. बॉयलर थंड होता. घडी उलगडली. शिवण यंदाही वाकडीच आहे. पुन्हा तशीच घडी घातली आणि त्यावर डोकं टेकलं. किती वेळ झाला कोण जाणे.

वरून काच वाजली.

मी मान वर केली नाही. पुन्हा वाजली, जोरात, तेव्हा वर पाहिलं. पोर काचेशी उभी होती आणि हाताने गेटाकडे दाखवत होती. ब्रेकच्या दिवशी कामगारांनी आत थांबायचं नसतं.